पहिल्या अंकातला पाठमोरा माणूस

चुलतभावाने माझ्या कॉमिकची चित्रं काढायला एका फोनवर होकार दिला, तेव्हाच मला संशय आला. मी जात्याच संशयी. फक्त तो भलत्याच माणसावर आला.

आमचं गाव चौलच्या अलीकडे, खाडीला लागून. शेतं खोलगट, मध्ये मातीचा बांध आणि बांधात एक लाकडी दार. त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडून शेतातलं जादा पाणी सोडायचं, भरतीच्या आधी फळ्या घट्ट बसवायच्या. घरटी पाळ्या लावलेल्या. मी बारावीत असताना एका उधाणाला कुणीतरी त्या फळ्या उपसल्या आणि सगळं शेत खारं झालं. पाळी काकाची होती. बाबा म्हणाले, हे त्याचंच काम. काका गप्प राहिला. गप्प राहतो म्हणजे पाणी मुरतंय, असं मी ठरवून टाकलं. पुढे खारं शेत पिकेना, तेव्हा विकायला आजवर ठाम नकार देणाऱ्या काकानेही सही केली, जमीन बंगलेवाल्यांकडे गेली आणि दोघे भाऊ एकमेकांचं तोंड बघेनासे झाले.

त्यावरच मी कॉमिक लिहिलं. फळ्या उपसायला आलेला माणूस उघाडीच्या राखणदाराचा खून करतो, मढं खाडीत सापडतं आणि राखणदार मिठाचा होऊन परत येतो. ज्याला हात लावेल त्याचं मीठ होतं. प्रत्यक्षात कुणी मेलं नव्हतं, मढं माझ्या पदरचं. मारेकरी पहिल्या अंकात पाठमोराच दिसायचा होता, चेहरा दुसऱ्या अंकात. पण तो काकाच आहे हे गावाने पाठीवरूनच ओळखावं, अशी माझी मनापासून इच्छा होती.

आणि चित्रकार कोण, तर काकाचाच मुलगा. आधी ट्रकच्या मागे मोर आणि कमळं रंगवायचा, आता पेणला कॉम्प्युटरवर काम करतो. हात सोन्याचा. पण बापाच्या बदनामीला हा इतक्या खुशीत का तयार झाला? नक्की काहीतरी शिजत होतं. त्याचं प्रत्येक पान मी डोळ्यांत तेल घालून तपासायचे.

सापडलंच. काका चांगला धिप्पाड, आणि पानावरचा माणूस किरकोळ, उतरत्या खांद्यांचा.

"अंग भरव जरा त्याचं," मी फोनवर म्हटलं.

"न्हाय ताई, तो असाच हाय."

मग उघाडीचं पान आलं. फळीला हात घालण्याआधी तो माणूस चक्क स्वतःच्या कानाची पाळी धरून उभा होता. माझी सटकली.

"अरे, वाटोळं करायला निघालेला माणूस कान कशाला धरेल? देवमाणूस करतोयस तू त्याला!"

"धरतो तो."

"तुला काय माहीत?"

तो म्हणाला, "बाकी सगळा तू सांगशील तसा बदलतो ताई. ह्या पान राहू दे."

बापाला वाचवतोय, दुसरं काय! पण छापखान्याची तारीख आली होती, आणि पान खरंच सुंदर झालं होतं. राहू दिलं.

अंक छापून आला तसा मी गावी घेऊन गेले. बाबा पडवीत सुपारी सोलत बसले होते. लेकीचं पुस्तक म्हणून त्यांनी हात लुंगीला पुसले, प्लास्टिकच्या वेष्टनातला अंक मांडीवर घेतला आणि वेष्टन फाडण्याआधी उजव्या कानाची पाळी धरली.

काहीही फोडायचं, कापायचं असलं की ते असं करतात. नारळ असो, कलिंगड असो, दुधाची पिशवी असो. आईने त्यावरून त्यांना जन्मभर चिडवलं. इतकं रोजचं, की मला ते दिसायचंच बंद झालं होतं. त्या दिवशी दिसलं.

अंक हिसकावून घ्यावासा वाटला. बाबा मात्र बोटाला थुंकी लावून सावकाश पानं उलटत होते. उघाडीच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. मी त्यांच्या उतरत्या खांद्यांकडे बघत राहिले. जमीन विकायची नाही म्हणून अडून बसलेला होता काका. घाई बाबांना होती, माझ्या कॉलेजसाठी.

"चित्रां त्याच्या पोरानं काढली?"

"हो."

"म्हंजे पोर तवा तिथं व्हता."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, त्यांचा, काकाच्या गप्प बसण्याचा, सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. काकाला ठाऊक होतं. मुलगा त्याला सांगितल्याशिवाय राहिला असेल थोडाच! आणि तरी एवढी वर्षं त्याने आळ अंगावर वागवला होता.

बाबांनी शेवटचं पान वाचलं. "पुढल्यात त्याचा त्वांड दावनार?"

"माहीत नाही, बाबा."

ते उठले. चपला घातल्या, अंक काखेत मारला आणि मधलं कुंपण ओलांडून काकाच्या अंगणात गेले. मी पडवीतून बघत होते. दारापाशी ते थबकले. कडी वाजवण्याआधी त्यांनी कान धरला.

दार काकानेच उघडलं.