चार इंच डावीकडे

जगात सरळ उभं असलेलं काहीच आमच्या थोरल्या साडूंच्या डोळ्यांत भरत नाही. लग्नात सगळे फोटोला उभे राहिले की हे मांडवामागे जाऊन बांबूला बांधलेली सायकलची ट्यूब टिपतात. सरकारी कचेरीत जन्मभर नकाशे काढले आणि निवृत्तीनंतर जीव जडला तो बिननकाशाच्या बांधकामांवर. संत्र्याच्या पेट्यांवर तोललेला कूलर, फ्लेक्सचं छप्पर, मोडक्या पलंगाचं फाटक. जरीपटक्यापासून महालापर्यंत शहरातली एक वस्ती त्यांनी सोडली नाही. मेहुणीनं कोथिंबीर आणायला पाठवलं, तर भाजीवालीच्या ठिगळांच्या छत्रीचा फोटो घेऊन परततात, कोथिंबीर राहतेच. "याले म्हणतात इंजिनिअरिंग," मला मोबाइल दाखवत म्हणतात, "खिळा एक नाही गा, पण तीन उन्हाळे उभं आहे."

फोटोआधी खिशातल्या टेपनं माप घ्यायचं आणि डायरीत लिहायचं, ही जुन्या नोकरीची खोड. तिनंच घात केला. सक्करदऱ्याला तर्री-पोहे विकणाऱ्या एका बाईंची टपरी त्यांना फार आवडली. इस्त्रीचा शर्ट घालून गेले, चकार शब्द न बोलता चारी बाजू मोजल्या, फोटो काढले आणि आले. चार दिवसांनी मला कौतुकानं दाखवायला नेलं, तर टपरी नाहीच. टिनपत्रे, बांबू भिंतीशी रचलेले आणि बाई उन्हात शेगडी मांडून बसलेल्या.

"काहून काढली बाई?"

"तुमीच तं मोजून गेले साहेब. अतिक्रमणवाले सामान नेतीन, त्यापेक्षा आपल्या हातानं काढलेली बरी."

"मी रिटायर माणूस आहो. आवडली म्हणून फोटो काढला."

"आता काय उपयोग? आमच्या मालकानं बांधली होती. ते गेले मागच्या वर्षी. मले तं एक गाठ बी आठवत नाही."

साडूंना इतकं ओशाळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ते चष्मा पुसत राहिले. मग डायरी उघडली, मोबाइल माझ्या हातात दिला आणि बाह्या सरसावल्या. घरी साधा खिळा ठोकताना अंगठा ठेचून घेणारा हा माणूस दिवसभर फोटोत बघून गाठी मारत होता. पुढचा खांब मी ओळंब्यात सरळ उभा केला, तर माझ्यावरच खेकसले, "शेंडा चार इंच डावीकडं घे. डायरीत तसंच आहे."

खांब कलला. बाई उठल्या, त्याला हात लावून उभ्या राहिल्या.

"आमच्या यायनं असाच लावला होता," त्या म्हणाल्या. "मी रोज म्हणत होती, सरळ करा म्हणून."

मी फोटोसाठी मोबाइल पुढे केला. साडूंनी तो न बघताच खिशात टाकला.