चौलच्या मुलीला मी विचारलेला प्रश्न

मंडळी, आज पुतण्यासाठी मुलगी पाहायला वहिनींबरोबर चौलला गेलो होतो. मुलगी इंग्रजी चौथी शिकलेली. "तुम्ही कॉलेजात शिकलेले, तुम्हीच विचारा," असं सगळे म्हणाले.

मी विचारलं, "फिअरलेस या शब्दाच्या शेवटी 'लेस' येतं, त्याचा अर्थ काय?"

"कमी," ती म्हणाली. "भीती कमी असलेला."

"चूक! हा 'लेस' कमीवाला नव्हे. जुन्या इंग्रजीत 'मोकळा, विरहित' अशा अर्थाचा निराळाच शब्द होता, त्यापासून हा आला."

मी हे ऐटीत समजावलं. ती मान खाली घालून बसली आणि पुढच्या एकाही प्रश्नाला तिनं उत्तर दिलं नाही.

परतताना बैलगाडीत वहिनी म्हणाल्या, "कसली शिकलेली? पहिल्याच प्रश्नाला चुकली. नकार कळवा."

"वहिनी, परवा शब्दकोश चाळेपर्यंत मीही 'कमी'च समजत होतो."

"मग ते तिथं बोलायचं होतंत, भावोजी. आता माझं मन उडालं."

नकार मलाच कळवायचा आहे. त्याआधी चौलला जाऊन तिला खरं सांगावं म्हणतो. पण त्यानं तिला बरं वाटेल, की फक्त मला?

तुम्ही काय केलं असतंत?