ओस गावातले रडणे

माझ्या माहेरी भुताखेतांच्या गोष्टी सांगायलाही बंदी होती. वडील गणिताचे शिक्षक, कोणी काही अद्भुत सांगू लागले की त्यांचा एकच प्रश्न असे - "पुरावा?" आपले वाचकही तेच विचारतील, हे जाणूनच वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी प्रथमच काही लिहून मासिकाकडे पाठवीत आहे. पुरावा माझ्याजवळ नाही.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची हकीकत आहे. माझे यजमान भोर संस्थानातल्या एका खेड्यात मास्तर होते. गाव हिर्डोशीच्या वाटेवर. नाव मुद्दाम लिहीत नाही. भातकापणी उरकली आणि घरोघर उंदीर मरून पडू लागले. प्लेग आला, हे कोणाला सांगावे लागले नाही. दोन दिवसांत गाव ओस पडले आणि ओढ्यापलीकडच्या माळावर कारवीच्या कुडाच्या, पेंढ्याने शाकारलेल्या झोपड्या उभ्या राहिल्या. पाटलांनी दोन नियम घातले. गावात कोणी परत जायचे नाही. आणि ज्या घरात ताप वा गाठ निघेल त्या घराने त्याच दिवशी माळ सोडून खिंडीपलीकडे जायचे. त्या थंडीत तिकडे गेलेले एक कुटुंब परत आले नव्हते.

शेजारची झोपडी सावळारामची. तो, त्याची बायको पारू, पाच वर्षांची ठकी आणि तीन वर्षांची बायडी. एकदा ठकी आपली चिंध्यांची बाहुली आणायला गावातल्या बंद घराकडे पळाली. सावळारामने तिला ओढ्यातून फरपटत आणले आणि काठीने असे मारले की मनगट फुटून रक्त आले. सगळ्या माळाने पाहिले.

"बरं केलंस," पाटील म्हणाले. "येकीला हानलं की धा पोरं सुदरत्यात."

चार दिवसांनी, दुपारी, आम्ही बायका भात कांडीत होतो. ओस गावातून लहान मुलाचे रडणे आले. मुसळे थांबली.

"कुनाचं पोर ऱ्हायलं गं तकडं?"

पोरांची मोजणी झाली. एकूण एक माळावर होती. रडणेही थांबले.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा सुरू झाले तेव्हा मी झोपडीत एकटी होते. शेजारून काहीतरी आपटल्यासारखा आवाज येत होता, म्हणून कुडाच्या फटीतून पाहिले. पारूने ठकीच्या तोंडात पदराचा बोळा कोंबून धरला होता आणि सावळाराम तिच्या पोटऱ्यांवर काठी मारीत होता. "पुन्यांदा कन्हशील? माळाला ऐकवशील?" मुलगी तापाने फणफणलेली; वर धरलेल्या हाताच्या काखेत गाठ दिसत होती. कोपऱ्यात बायडी स्वतःचे तोंड स्वतःच्याच दोन्ही हातांनी दाबून बसली होती. काठी पडे, आणि रडणे गावातून येई. काठी थांबली... रडणे थांबले. तिसऱ्या दिवशीही अगदी तसेच.

यजमानांना सांगितले. "प्रतिध्वनी असेल," ते म्हणाले. बोळा कोंबलेल्या तोंडाचा प्रतिध्वनी? पण मी पुढे बोलले नाही. चारचौघांत मी कधी तोंड उघडले नव्हते. शिवाय बोलले तर त्या चौघांना खिंडीपलीकडे हाकलतील, ही भीती. ती भीती खरी होती आणि मला सोयीचीही होती, हे आज लिहिताना लाज वाटते.

गावाने ठरवले, मरीआईचा कोप आहे, बकरे द्यायचे. वरच्या धनगरवाड्यावरून धोंडाबाई बकरे घेऊन आली. "पिलेगाला बकरं?" ती म्हणाली. "त्याला दात हायती व्हय? खानार तुमीच." कोणी हसले नाही. नारळ सावळारामने स्वतः आणून दिला.

हलगी वाजू लागली. त्या गोंगाटाचा फायदा घेऊन सावळाराम हळूच झोपडीत शिरलेला मी पाहिला. क्षणात गावातून असा आक्रोश उठला की हलगीवाल्याचा हात थांबला. पुरुष ओस घरांकडे तोंड करून, हात जोडून गुडघ्यांवर बसले. मिशीवाले, तालमीतले पुरुष...

"पाटील," मी म्हटले. माझाच आवाज मला ओळखू येईना. "रडणारी पोर इकडे आहे. मागे वळा."

मी झोपडीत शिरले, ठकीच्या तोंडातला बोळा ओढून काढला आणि तिला उचलून उजेडात आणले. पायांवरचे वळ सगळ्यांना दिसले. मग सावळाराम म्हणाला, "शिवू नगा. गाठ हाय तिला," आणि सगळा जमाव दहा पावले मागे सरला. वळ पाहून एकही पाऊल हलले नव्हते.

"आन हिकडं ती पोर," धोंडाबाईने बकऱ्याचे दावे टाकून दिले. "चावतीया व्हय ती?"

बला टळावी म्हणून पाटलांनी गाडी दिली. बायडी बापाच्या हाती राहू नये म्हणून तिला सांभाळायला यजमान मागे राहिले. धोंडाबाई आणि मी ठकीला घेऊन भोरला दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवस कलला होता. डॉक्टरांनी काखेआधी मनगट पाहिले.

"प्लेग नाही. या जखमेचे विष चढून काखेत अवधाण आले आहे. जखम वेळीच धुतली असती तर गाठ आलीच नसती." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मारले कोणी?"

लगेच गळू फोडले, तेव्हा ठकी डोळे उघडे ठेवून, ओठ मिटून पडून होती. "रड बाळ," डॉक्टर म्हणाले, "इथं कोणी रागवणार नाही." तिने आवाज काढला नाही.

तिसऱ्या दिवशी परतलो. प्लेग नव्हता, हे ऐकून पाटील म्हणाले, "मंग बकरं फुकाटच गेलं की." सावळाराम सुटल्यासारखा हसला. पारू चुलीपाशी बसून राहिली.

यजमान बायडीला कडेवर घेऊन उभे होते. चेहरा उतरलेला.

"परवा दिवस कलताना गावातून रडणे आले," ते म्हणाले. "फार वेळ चालले होते. बायडी माझ्या मांडीवर होती. मी एकेका झोपडीत डोकावून आलो... कोणी कोणाला मारीत नव्हते."

भोर तिथून सहा-सात कोस.

दोघी बहिणींना आम्ही त्यांच्या आजोळी, गुंजवण्याला पोचवले. ठकी वाचली. पुढे दोन-तीनदा भेटली, हसली, बोललीही. तिला रडताना मात्र मी कधी ऐकले नाही. आणि त्या दिवसांत गावातून येणारे रडणे कोणाच्या गळ्यातले होते, ते मला आजही ठाऊक नाही.