राजुरीतली भरती

दादाचा फोन आला तेव्हा मी मंचरला घरी दाढी करत होतो. "सुमन गेली रं..." एवढंच म्हणाला. फोन ठेवला आणि माझी नजर गेली ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर. वद्य चतुर्थी. चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती. वहिनी गेल्याचं कळल्यावर पहिलं हे मनात यावं, याची मलाच लाज वाटली. पण ही खोड तिनंच लावलेली.

सुमनवहिनी हर्णैजवळच्या एका वाडीतली, समुद्राच्या काठची. दादा एसटीत कंडक्टर. दापोली डेपोला असताना तिथंच जमलं आणि बदली होऊन नारायणगावला आला तो हिला घेऊनच. आमच्या गावातल्या, राजुरीतल्या बायकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "कोकनातली ना गं? मंग भाकरी येती का न्हाई?" ही म्हणाली, "येते की. तांदळाची!" सगळी आळी हसली. बाजरीची भाकरी जमायला तिला एक अख्खा हिवाळा लागला.

मी शाळेत भूगोल शिकवायचो. चंद्र-सूर्याची वर्तुळं काढून भरती-ओहोटी समजावण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असा तोरा होता. एका रविवारी राजुरीत वहिनीपुढंही सुरू झालो. तिनं शेंगा फोडता फोडता सगळं ऐकून घेतलं. "ते सगळं ठीक हो भावजी. पण आज भरती किती वाजता?" मी पुन्हा हवेत वर्तुळं काढू लागलो. "तिथी काय आज?" "अष्टमी." "मग सहाला. तिथीची पाऊणपट करायची. आमच्याकडं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल!"

तेव्हापासून माझी शिकवणी सुरू झाली. कांद्याच्या वाफ्यात खुरपता खुरपता ती मधेच मान वर करायची, "आता पाणी चढलं असेल, होड्या खाडीत शिरत असतील." कधी म्हणायची, "ओहोटी लागली. बायका कालवं काढायला खडकावर निघाल्या असतील." माझ्या पुस्तकात जांभी मृदा होती, पर्जन्यमान होतं, ही माणसं नव्हती.

तिचे आईवडील गेले, भाऊ मुंबईला, माहेरचं घर बंद. जायचं कुणाकडं? एकदा म्हणाली, "भावजी, मला एकदा समुद्र दाखवून आणा. बाकी काय नको." मी ऐटीत म्हणालो, "भाऊबीज झाली की निघायचं. दुसऱ्याच दिवशी!" मग एका वर्षी आईचं दुखणं निघालं, एका वर्षी निवडणुकीची ड्युटी, एका वर्षी कांद्याची लावण... खरं सांगायचं तर बऱ्याचदा नुसता आळस.

शेवटी एका डिसेंबरात मी शक्कल लढवली. नाणेघाटातून समुद्र दिसतो, असं ठोकून दिलं. भूगोलाचा मास्तर मी, पण स्वतः कधी खात्री केली नव्हती! आम्ही तिघं जीप करून गेलो. कड्यावरून खाली कोकण पसरलेलं. भाताची खाचरं, झाडीत लपलेली घरं आणि पुढं सगळं धुरकट. दादा म्हणाला, "मास्तर, कुठं हाय राव तुझा समुद्र?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहिनी वाऱ्यात पदर धरून बराच वेळ बघत राहिली. मग तिनं तिथी विचारली, दादाचं मनगट ओढून घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "आत्ता ओहोटी आहे हो. पाणी लांब गेलंय, म्हणून दिसत नाय." दादा खो खो हसला. मीही हसलो... आणि सुटलो.

पुढं तिचं हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी प्रवास बंद केला आणि तो विषय तिनं पुन्हा काढलाच नाही.

तेराव्यानंतर मी आणि दादा स्वयंपाकघरातल्या फळ्या पुसायला बसलो. डब्यांखाली तिनं जुन्या कॅलेंडरची पानं अंथरलेली. एका पानावर भाऊबीजेपुढच्या तीन चौकोनांत पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं : सव्वादोन, तीन, पावणेचार. खालच्या फळीवर दुसऱ्या वर्षीचं दिवाळीचं पान. त्यावरही तेच. तिसऱ्या फळीवरही... तारखा वेगळ्या, वेळा त्याच.

"हे रे काय?" मी विचारलं, पण मला कळलं होतं.

दादा डबा पुसत राहिला. "दरसाल लिवायची. म्हनायची, भरतीच्या टायमाला पोचू. ओहोटीत गेलो तर भावजींना वाळूतनं लई लांब चालाया लागंल."

ती पानं मी घडी घालून मंचरला आणली आहेत. यंदा भाऊबीज झाली की दुसऱ्याच दिवशी दादाला घेऊन निघणार आहे. पहाटेची गाडी धरावी लागेल. सव्वादोनच्या आत पोचायला हवं.