अण्णांसाठी गोठवलेलं दही

ऑफिसच्या फ्रीजमध्ये कुणाकुणाचे डबे साठत जातात आणि टाकत कुणीच नाही. किस्स्यांचंही तसंच. आमच्या खराडीच्या टीममधले निम्मे किस्से एकट्या वैभवचे, आणि त्यातले चांगले सगळे दह्याचे.

वैभव अमरावतीचा. केतकी आमच्याच टीममधली, पण घर पेठेत. दोघांना लग्न करायचं होतं आणि घोडं अडलं होतं ते केतकीच्या वडिलांपाशी. अण्णा गणिताचे निवृत्त शिक्षक. महिनाअखेरीला एका रविवारी मुलाचा फ्लॅट बघायला येतो, एवढंच त्यांनी कबूल केलं होतं. त्यांना डायबेटिस, म्हणजे गोड बंद. केतकीनं एक व्हिडिओ शोधला: दही ट्रेमध्ये पसरायचं, वर फळं लावायची, फ्रीझरमध्ये ठेवायचं आणि तुकडे मोडून खायचे.

"सोपंय," ती म्हणाली. तिथंच वैभव फसला.

*

पहिल्या खेपेला त्यानं पातळ दही तसंच गोठवलं. झाली फरशी! ती तो ऑफिसात घेऊन आला. तुकडा मोडता मोडेना. आमच्या जोशी सरांनी तो हातात तोलला आणि शांतपणे विचारलं, "हे खायचं की गुडघ्याला लावायचं?"

*

मग कळलं की आधी दही फडक्यात टांगून पाणी काढायचं असतं. वैभवनं नवा पंचा आणला आणि पुरचुंडी बाल्कनीतल्या दोरीला टांगली. संध्याकाळी दारावर खालच्या काकूंची चिठ्ठी: "आपले दही आमच्या साड्यांवर गळत आहे. ताक हवे असल्यास आम्ही मागून घेऊ."

*

पुढचं दही त्यानं ऑफिसच्या फ्रीजमध्ये चाळणीत निथळत ठेवलं. दुपारी पँट्रीच्या मारुतीमामांनी सगळ्यांना मठ्ठा दिला. जिरं, कोथिंबीर, फर्स्टक्लास. वैभव दुसरा ग्लास पिता पिता फ्रीजकडे गेला.

"मामा, माझं दही कुठंय?"

मामा लोणी काळभोरचे. म्हणाले, "तुमच्या हातातच हाय की."

*

फळांचा घोळ वेगळाच. आंबा नको, केळं नको, चिकू तर नकोच, अशी केतकीची ताकीद. वैभवनं आईला फोनवर सगळं सांगितलं. तिकडून आवाज आला, "मंग उरलं काय बाप्पा, भेंडी?"

*

शेवटी तो रविवार आला. धीर द्यायला मीही गेले होते. अण्णांनी घर पाहिलं, नळ सोडून पाहिला, बसले. वैभवनं बशी पुढे केली. पांढरेशुभ्र तुकडे, वर डाळिंब आणि स्ट्रॉबेरी.

"हे काय?"

"दही आहे, काका."

"दही वाटीत असतं."

तरी त्यांनी एक तुकडा उचलला. मग दुसरा. "साखर?" त्यांनी विचारलं. वैभव म्हणाला, "अजिबात नाही." त्यांनी तिसरा घेतला. बशी संपली, पण नोकरी, घरची माणसं, लग्न, कशाचाच विषय नाही. रुमालाला हात पुसून ते उठले आणि चपला घालायला लागले. वैभवचा चेहरा उतरला. केतकी खाली बघत होती. मला तर रडूच येणार होतं.

दार उघडून अण्णा वळले.

"बरं आहे. पण लग्नात हे ठेवायचं नाही. श्रीखंडच ठेवायचं."