बसते म्हनून चालते?

हे आजवर कोनाले सांगितलं नाई — बायकोलेबी नाई. तुमाले सांगून राहिलो. पन तुमी तरी पोटात ठेवाल का? जाऊ द्या बाप्पा! मी असाच. समोरच्याच्या मनात काय शिजून राहिलं, हेच मी आधी पाहातो.

अकोल्याले बंदुकीच्या दुकानात मी काउंटरवर होतो. सन साठच्या आसपासची गोष्ट. तिथं नियम एकच — रायफलच्या नळीवर कोरलेला मापाचा आकडा वाचायचा, काडतुसाच्या बुडावरचा वाचायचा, दोन्ही जुळले तरच डबी द्यायची. आकडा झिजला असन तर रायफल आत करीमचाचाकडे. ते दुकानाचे मिस्त्री. काडतूस जिथं बसते ते घर ते मापून पाहात. अन् सदा म्हनत, "बसते म्हनून चालते असं नाई, बाबूजी." मले वाटे, हा टोमनाच! याले माह्या खुर्चीवर आपला भाचा बसवायचा हाय. पुरावा? संशयाले पुरावा कायले लागते?

एक दिवस तेल्हाऱ्याचे वसंतराव आले. बापाच्या वेळची रायफल, ज्वारीत रानडुकरं घुसलेली, गाडीची घाई. नळीवरचा आकडा पार घासून गेला होता. आत न्यायची होती — दहा पावलं! पन चाचा म्हनन, बाबूजीले आकडाबी वाचता येत नाई... म्हनून मी लायसनवरचा आकडा धरला. तो तर कचेरीतल्या कोन्या कारकुनानं उतरवलेला. तरी काडतूस घालून पाह्यलं. गेलं. बोल्ट, म्हंजे नळी मागून बंद करायचा दांडा, जरासा अडला. मी तळहातानं दाबला — लागला.

"बसते," मी म्हटलं.

चौथ्या दिवशी खबर आली. रायफल वसंतरावांच्या तोंडाशीच फुटली. उजवा डोळा गेला.

शेठनं विचारलं, माप कोनं घेतलं? अन् मी — इथं जीभ अडते माही, पन सांगतो — मी म्हटलं, चाचानं.

चाचांनी माह्याकडे पाह्यलं. दोनदा म्हटलं, मी नाई घेतलं. कोनी आयकलं नाई. संध्याकाळी आपली कानस अन् हातोडी घेऊन गेले. भाचा कोनी आलाच नाई. मागून कळलं, चाचाले बहीनच नव्हती.

पुढं काई वर्सांनी बडनेऱ्याले स्टो दुरुस्त करायले गेलो, तर टपरीत करीमचाचाच. ओळखलं त्यायनं. पिन बसवली, स्टो माह्यापुढं सरकवला अन् म्हटलं, "बसली. पन पेटवून पाहा, मंगच न्या, बाबूजी."

टोमना होता का? पाहा, तेव्हाबी मी हेच ताडून राहिलो होतो! स्टो उचलला अन् निघालो. 

ती रायफल चाचानं हातातबी धरली नव्हती.