चाळीसचा चिमटा

आमच्या तळ्यावर लिंडसे ट्रेव्हॉरो हा एकटाच माणूस स्वतःची परवानगी घेऊन रिमोटवरची छोटी बोट पाण्यात सोडायचा.

शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, बोलणं बेताचं. रविवारी क्लबच्या शेडमध्ये आला की फळीवरचा कपड्यांचा लाकडी चिमटा काढून टोपीला लावायचा, आणि मगच रिमोट चालू करायचा. नियम जुना. ज्या फ्रिक्वेन्सीचा चिमटा तुमच्याकडे, ती तुमची. दुसऱ्याने तोवर त्या फ्रिक्वेन्सीच्या रिमोटला हात लावायचा नाही, नाहीतर एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची बोट वळते. बाकीचे आम्ही केव्हाच नव्या रिमोटवर गेलो होतो. ते एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, त्यामुळे आमचे चिमटे गेले. फळीवर एकच उरला होता, चाळीस मेगाहर्ट्झचा.

"मिळाला का नंबर, लिंडसे? की रांग होती?" सेक्रेटरी कॉरिन विचारायची.

"पुढे कोणी नव्हतं," तो म्हणायचा. दर रविवारी हेच.

नवा रिमोट त्याच्या कामाचा नव्हता, कारण त्याची पाणबुडी होती. नव्या लहरी पाण्यात वीतभर जाऊन मरतात. त्याने रिसीव्हर लोणच्याच्या बरणीत बंद करून मेव्हण्याच्या शेततळ्यात बुडवला होता आणि एकेक फ्रिक्वेन्सी लावून पाहिली होती. चाळीसची तळापर्यंत पोचली. मग कित्येक हिवाळे गॅरेजमध्ये घालवून त्याने ती हिरवी पाणबुडी बांधली. सिग्नल तुटला, तर टाकीतलं पाणी बाहेर फेकून आपोआप वर यावी, अशी सोयही केली.

ईस्टरच्या मेळ्याआधी शेड रंगवायची म्हणून कॉरिनने फळी उतरवली. चिमटा खिडकीत ठेवला होता. लिंडसेने तो टोपीला लावला, भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं आणि तळ्यावर गेला.

पाणबुडी खाली गेल्यावर पलीकडच्या गावचा खाटीक व्हॉन केटल टगबोटीचं जुनं मॉडेल घेऊन आला. त्याचाही रिमोट चाळीसचाच. शेडमध्ये डोकावला. फळी दिसेना. म्हणजे चाळीसवर इथे कोणी नाही, असं समजून त्याने टग पाण्यात सोडली आणि रिमोट चालू केला.

पेरिस्कोप एकदम वळला आणि बुडाला. लिंडसेने आपला रिमोट बंद केला. आता ती वर यायला हवी होती. येईना. सिग्नल तुटलाच नव्हता, तो दुसऱ्या कोणाचा तरी येत होता. लिंडसेने काठावर नजर फिरवली. व्हॉनच्या हातात लांबलचक एरियलचा जुना रिमोट होता.

"तुमचा बंद करा," लिंडसे म्हणाला.

"अहो, माझी टग हंसांत घुसेल."

"घुसू दे. माझी खाली आहे."

व्हॉनने त्याची टोपी पाहिली, टोपीचा चिमटा पाहिला आणि बटण दाबलं. टग तशीच सरकत काळ्या हंसांत गेली. हंसांनी तिला चोचीने धरून जाब विचारला. आम्ही पाण्याकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळाने बुडबुडे आले, आणि पाणशेवाळाचा हार घालून पाणबुडी वर आली.

फळी त्याच संध्याकाळी ओल्या रंगावर टांगली गेली. महिन्याभरात व्हॉन सभासद झाला. एकाने रिमोटमधला क्रिस्टल बदलून चाळीसच्याच जवळची दुसरी फ्रिक्वेन्सी घेतली तर दोघांचं भागेल, पण दोघेही ऐकत नाहीत. खाटीक माणूस पहाटेचा उठतो. लिंडसे येतो तेव्हा चिमटा व्हॉनच्या कॉलरला असतो.

"रांग आहे का, लिंडसे?" कॉरिन विचारते.

"पुढे एक आहे," तो बाकावर बसत सांगतो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.